अरण्यातले दुसरे घर

राजाजीनगर हा बंगळूरचा पश्चिमेकडील जुना व गजबजलेला भाग. तुमकूर रस्त्याने निघून नेलमंगलपाशी डावीकडे वळले, की हासनमार्गे सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांवर सकलेशपूर लागते. उद्योगधंद्याच्या निमित्ताने येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही या घाटमाथ्याची ओढ असते. सकलेशपूर, चिकमगळूर किंवा कोडगू येथे कॉफीच्या मळ्यांत एखादे लहानसे घर असावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. मात्र शहरात आपण चार भिंती विकत घेतो. डोंगरात त्यांच्याबरोबर उतार, ओढा, वाट आणि शेजारही पदरात येतो. म्हणून व्यवहारापूर्वी तीन प्रश्नांचा विचार करावा.

पहिला प्रश्न जमिनीचा. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेण्यावर १९६१ च्या भूसुधारणा कायद्याने कर्नाटकात निर्बंध होते. २०२० च्या दुरुस्तीने ते बव्हंशी उठले. परंतु विकत घेण्याची मोकळीक म्हणजे घर बांधण्याची परवानगी नव्हे. शेतीला पूरक शेतघराची गोष्ट वेगळी. एरवी १९६४ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे बिनशेतीची मंजुरी घ्यावी लागते. कॉफीच्या मळ्यांना कमाल धारणेतून सूट मिळाली ती मळा म्हणून. त्याचे तुकडे पाडून कोणी बंगल्यांच्या जागा विकू लागला, तर खरेदीदाराने सावध व्हावे. आपल्या सातबाऱ्याच्या जागी तेथे ‘पहाणी’ असते. तीत ‘बी खराब’ अशी नोंद असलेला भाग ओढा, वाट अशा सार्वजनिक उपयोगाचा असतो. तो विक्रीत धरता येत नाही. कोडगूत ‘जम्मा’ ही जुनी वहिवाट आहे. अशी जमीन बहुधा साऱ्या कुळाची सामाईक असते आणि काही जमिनींवरील झाडांचा हक्क सरकारकडे असतो. तेथे एकट्याची सही पुरत नाही.

वनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मालकी कोणाचीही असो, जे शब्दार्थाने वन आहे त्याला वनसंवर्धन कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी सांगितले. महाराष्ट्रातही १९७५ च्या कायद्याने अनेक खाजगी वने शासनाकडे गेली. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरले. तेथील बांधकामावर वेगळे निर्बंध आहेत.

दुसरा प्रश्न उताराचा. ३० जुलै २०१४ रोजी माळीण, ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगू आणि ३० जुलै २०२४ रोजी वायनाड येथे दरडींनी घरे गिळली. मुसळधार पावसाचे पाणी मातीत मुरले, की तिचे वजन वाढते आणि कणांची परस्परांवरील पकड सुटते. अशा वेळी घरासाठी वा रस्त्यासाठी उताराचा पायथा कापलेला असेल, खोल मुळांची झाडे तोडलेली असतील किंवा ओढा बुजविलेला असेल, तर वरची माती निराधार होते. म्हणून जागा एप्रिलच्या प्रसन्न सकाळी न पाहता भर पावसाळ्यात पाहावी. जमिनीतील भेगा, वाकलेले बुंधे, अकस्मात फुटलेले गढूळ झरे या खुणांकडे दुर्लक्ष करू नये. ओढ्याच्या वाटेवर आणि कापलेल्या कड्याखाली जागा घेऊच नये.

तिसरा प्रश्न, आपण नसताना काय? बंद घराला ओल आणि वाळवी लागते. कौलांवर पाचोळा साचतो. त्याची देखभाल गावातीलच कोणी करील, आणि तोही आपल्या मळ्याची कामे सांभाळून. फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉफीच्या फुलोऱ्यासाठी मळेवाले ओढ्या-तळ्यांचे पाणी तुषारांनी देतात. नेमक्या त्याच दिवसांत पाहुण्यांच्या बागेला व टाकीला पाणी हवे असते. भांडणाचे मूळ तेथेच असते. सकलेशपूरच्या परिसरात हत्तींचे कळप मळ्यांतून फिरतात. त्यांच्या वाटेत तारेचे कुंपण घातले, तर ते शेजाऱ्याच्या भातात वळतात. आपल्या कुंपणाचा भुर्दंड असा दुसऱ्याच्या शेताला पडतो.

ज्यास खरोखर तेथे राहायचे आहे, त्याने आधी एक सबंध पावसाळा भाड्याच्या घरात काढावा. ग्रामपंचायतीत जाऊन वाट व पाणी कोणाचे, हे विचारावे. भूमापकाकडून मोजणी करून घ्यावी आणि मगच विसार द्यावा. एवढे केल्यावर जागा नापसंत ठरली, तरी खर्च होईल तो एका पावसाळ्याच्या भाड्याचा. आयुष्याची पुंजी शाबूत राहील.