हजेरीपट उभा वाचा, आडवा वाचा

शाळेचा हजेरीपट कुणी हौसेनं वाचायला घेत नाही. गुरुजी नाव पुकारतात, ‘हजर सर!’ ऐकू येतं, खूण होते आणि पट कपाटात जातो. पण तोच पट कधी निवांत उघडून बसा. आडव्या ओळी मुलांच्या, उभे रकाने तारखांचे. आडवं वाचलं तर एका पोराची गोष्ट कळते, उभं वाचलं तर अख्ख्या गावाची. दर आठवड्याला एकच रकाना विरळ दिसतो, तो बाजाराचा वार. लागोपाठ दोन रकाने ओस पडले, तर समजावं की गावची जत्रा झाली.

बीड जिल्ह्यातल्या धारूर, पाटोदा, शिरूर कासार या भागातला पट तर चक्रावून टाकतो. दिवाळीपर्यंत भरलेल्या ओळी एकाएकी कोऱ्या होतात. एकाच मुलाच्या नव्हे, वस्तीच्या वस्तीच्या. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघालेली असतात. नवरा-बायको मिळून मोजायचा एक ‘कोयता’. मागं राहिलेलं लेकरू या हिशेबात कुठंच नाही. आजी-आजोबांजवळ राहायची किंवा हंगामी वसतिगृहात जागा मिळाली, तर त्याची ओळ चालू राहते. नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपल्यावरच खुणा परत उमटतात. म्हणजे बघा, पश्चिम महाराष्ट्रात पाऊस चांगला झाला, ऊस उदंड आला, हंगाम लांबला, की शेकडो मैलांवरच्या कोरडवाहू गावात चौथीतल्या मुलीची रिकामी ओळ चार बोटं लांबते! पाऊस एकीकडं आणि गैरहजेरी भलतीकडं. तिच्या नावापुढं मात्र ‘गैरहजर’ एवढंच, ताप आलेल्या मुलासारखं.

ही ओळ भरावी म्हणून आपल्याकडं काय काय झालं! 1917 साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होता महिन्याला एक रुपया. पाऊणशे वर्षांनी, 1992 साली, महाराष्ट्र सरकारनं दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू केला. किती? हजेरीच्या दिवसाला एक रुपया. नाणं तेच, फक्त हात बदलला. आधी बापाच्या खिशातून जाणारा रुपया आता लेकीच्या ओंजळीत पडू लागला. मला ही उलटापालट फार आवडते. खटकतं एवढंच, की पुढं तीस वर्षं महागाई कुठच्या कुठं गेली आणि तो रुपया रुपयाच राहिला.

पण खरी थक्क करणारी गोष्ट पैशाची नाहीच. केनियातल्या बुसिया भागात 1998पासून मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी 75 शाळांमध्ये जंताच्या गोळ्या देऊन पाहिल्या. गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्यानं घटली. त्याच शाळांतल्या, गोळी न घेतलेल्या मुलांचीही घटली, कारण जंत मातीतून, पाण्यातून एकमेकांकडं जातात. शेजारच्याचं पोट साफ झालं की आपलंही वाचतं. या आकडेमोडीवर पुढं अभ्यासकांत भरपूर वाद झडले, तरी प्रश्नाकडं बघायची नजर बदलली ती बदललीच. ज्याला आपण ‘कंटाळा करतो’ म्हणून दटावत होतो, त्याच्या पोटात कदाचित खरंच दुखत होतं. हेच क्रेमर 2019 साली नोबेलचे मानकरी झाले. सोबत एस्थर डुफ्लो होत्या आणि अभिजित बॅनर्जी. आई माहेरची पाटणकर, म्हणून बॅनर्जी आपल्याला जरा जास्तच जवळचे!

आपल्या शाळांतही 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट हे जंतनाशक दिन असतात. गोळी वर्गातच, बाईंसमोर चावून खायची. आणि त्या दिवशी जी मुलं गैरहजर असतात, त्यांच्यासाठी काही दिवसांनी पुन्हा एक दिवस ठेवावा लागतो.