उन्हावर चालणारा बर्फ

लस ही फार नाजूक प्रकृतीची प्रवासी. कारखान्यातून निघाल्यापासून तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत बहुतेक लशींना २ ते ८ अंश सेल्सिअस एवढाच थंडावा मानवतो. विमानात, ट्रकमध्ये, दवाखान्यात, आरोग्यसेविकेच्या खांद्यावरच्या पेटीतसुद्धा! या सगळ्या प्रवासाला म्हणतात शीतसाखळी.

पण जिथे विजेची तारच पोचलेली नाही, तिथे थंडावा आणायचा कुठून?

आफ्रिका आणि आशियातल्या कितीतरी दवाखान्यांत याचं उत्तर होतं रॉकेल. खरंच! ज्योत पेटवायची आणि थंडी मिळवायची. ज्योतीच्या उष्णतेनं पाण्यात मिसळलेला अमोनिया उकळून बाहेर पडतो, पुढे निवून त्याचा द्रव होतो आणि या द्रवाची पुन्हा वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. १९२२ साली बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी हा फ्रिज शोधला. युक्ती भन्नाट, पण फ्रिजला रोज साधारण लिटरभर रॉकेल लागायचं. शिवाय धूर व्हायचा आणि तापमानही नीट सांभाळलं जायचं नाही. मुलांना आजारापासून वाचवायचं आणि त्यांच्याच हवेत काजळी सोडायची, हे मला तरी पटत नाही.

मग आले सौर फ्रिज. छतावर सौर पॅनेल आणि रात्रीसाठी बॅटरी. पॅनेल वर्षानुवर्षं टिकायचं, बॅटरी मात्र काही वर्षांतच मान टाकायची. दूरच्या गावात नवी आणणार कोण? आणि शिसं, आम्ल असलेली जुनी टाकणार कुठे?

तेव्हा एक झकास विचार पुढे आला. रात्री आपल्याला वीज हवीय का? नाही, हवीय ती थंडी! मग थंडीच साठवू या. दिवसा उन्हाच्या विजेवर फ्रिजच्या भिंतींमध्ये बर्फ तयार करायचा आणि घरात सालभराचं धान्य पुरवून पुरवून वापरतात तशी ती थंडी रात्रभर वापरायची. बॅटरीची गरजच उरली नाही. आणि गंमत बघा, ऊन कडक तिथे थंडी जास्त लागते, आणि नेमकी तिथेच वीजही भरपूर मिळते! आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वरून उघडणारी आयएलआर नावाची पेटी असते. ती साध्या विजेवर चालते, पण तिच्याही भिंतीत बर्फच असतो. म्हणून काही तास वीज गेली तरी आतल्या लशी सुरक्षित राहतात.

इथे मात्र एक धोका आहे. धनुर्वात, कावीळ ब यांसारख्या आजारांवरच्या लशींमध्ये ॲल्युमिनियमच्या क्षाराचे बारीक कण असतात. लस गोठली की ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि नंतर कितीही ऊब दिली तरी लस पहिल्यासारखी होत नाही. बर्फ शून्य अंशाचा, आणि लशीला हवेत निदान दोन अंश. आता?

आता मदतीला येतं पाणी. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. त्याहून गरम झालं की हलकं होतं, आणि थंड झालं तरी हलकंच होतं! म्हणून बर्फ वर तरंगतो आणि ४ अंशांचं पाणी तळाशी जाऊन बसतं. थंड देशांतल्या तळ्यांत बर्फाखाली मासे जगतात ते यामुळेच. वेल्समधल्या इयान टॅन्सली यांनी नेमकी हीच गोष्ट फ्रिजमध्ये आणली. वर बर्फ, त्याखाली ४ अंशांचं पाणी, आणि त्या पाण्याच्या वेढ्यात लशीच्या बाटल्या. दोन आणि आठच्या मधोमध म्हणावं असं तापमान, आणि ते राखायला ना पंखा ना बटण. मला तर पाण्याचा हा गुण जादूहून मोठा वाटतो.

फ्रिजच्या नळ्यांमध्ये फिरणारा वायूही बदलला. पूर्वी सर्रास वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू गळून हवेत गेला तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा १४०० पटींहून जास्त तापवतो. आता त्याच्या जागी आयसोब्युटेन येतोय. त्याचा हा त्रास अगदीच नगण्य.

पण लसच थोडी काटक असली तर? २०१२ साली पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात तेच अजमावून पाहिलं. मेंदूज्वराच्या एका प्रकारावरची ‘मेनआफ्रीव्हॅक’ ही लस आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली. तपासण्यांत दिसलं होतं, की ही लस ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस तग धरते. म्हणून प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात ती बर्फाविनाच गावोगाव नेली. बर्फ गोठवायला वीज नको, बर्फ बदलायला गाडीच्या फेऱ्या नकोत, खांद्यावरचं ओझंही कमी! बनिकोआरा भागात अशी लस दीड लाखाहून जास्त लोकांना मिळाली. बाटलीवरचं छोटं चिन्ह उष्णता साठत गेली की गडद होत जातं, आणि पेटीत ठेवलेलं दुसरं एक चिन्ह पारा ४० च्या वर गेला तर रंग बदलतं. त्यामुळे लस चांगली आहे की नाही, ते तिथल्या तिथे कळत होतं.

आणि आता तर गॅम्बिया देशात छोट्या मुलांवर गोवर-रुबेलाच्या लशीची पट्टी तपासून झाली आहे. तिच्यावर नजरेला जेमतेम दिसतील असे सूक्ष्म काटे असतात. ती मनगटावर दाबून लावायची आणि काही मिनिटं तशीच ठेवायची, की झालं. सिरिंज नाही, काचेची बाटली नाही, आणि लस कोरडी असल्यानं तिला थंडीही कमी लागेल अशी आशा आहे. पहिल्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये छापून आले, आणि ते चांगले आहेत. पुढच्या मोठ्या चाचण्या अजून व्हायच्या आहेत.