शब्दांआधीचा अभिनय

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले, की नाटकाची तालीम बहुधा एकाच रीतीने सुरू होते. नकला वाटल्या जातात, भाषणे पाठ करून घेतली जातात, आणि शेवटच्या चार दिवसांत गुरुजी सांगतात, "येथे हात वर कर, येथे डोळे पूस." मुलगा हात वर करतो; परंतु तो हात भूमिकेचा नसतो, आज्ञेचा असतो. प्रेक्षकांस ते तत्काळ कळते.

या क्रमात याहून मोठा दोष आहे. तो पाहावयाचा तर यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबनसारख्या गावाकडे वळावे. हा मुलूख तेलंगणाच्या सीमेलगतचा. येथील मराठीस वऱ्हाडी वळण, शेजारी तेलुगू, आणि भोवतालच्या आदिवासी वस्त्यांत व पोडांवर गोंडी आणि कोलामी. या दोन्ही द्राविड कुळातील भाषा होत. ज्या मुलाने घरी त्याच ऐकल्या, त्यास पुस्तकी मराठी शाळेत येऊन शिकावी लागते. अशा मुलांच्या वर्गात भाषण प्रथम व अभिनय मागाहून, असा क्रम ठेवला, तर भूमिकांची वाटणी उच्चारांवरूनच होऊन जाते. ज्याची जीभ अडखळते त्याच्या वाट्यास भालदाराचे काम येते, आणि हा मुलगा मुळातच मंद आहे असा समज रूढ होतो. अभिनय कोणत्या क्रमाने शिकवावा, हा प्रश्न येथे केवळ कलेचा राहत नाही. तो न्यायाचा होतो.

भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार मानले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वाणीचा वाटा यांपैकी एकच. त्या ग्रंथात मस्तकाच्या १३ हालचाली व दृष्टीचे ३६ प्रकार वर्णिलेले आहेत. मात्र ही कोष्टके मुलांकडून घोकवून घेणे म्हणजे एक पाठांतर सोडून दुसरे धरणे होय. शिक्षकाने त्यातून एवढेच घ्यावे, की शरीराची भाषाही बारकाईने शिकावयाची असते. स्तंभ, स्वेद, रोमांच, अश्रू इत्यादी सात्त्विक भाव तर हुकमाने येत नाहीत; मन एकाग्र झाले तरच ते उमटतात.

मग आरंभ कोठून करावा? पहिला पाठ वजनाचा असावा. हाती काही नसता भरलेली घागर उचलून दाखवावी, नंतर रिकामी. भरलेल्या घागरीस गुडघे वाकतात, श्वास रोखला जातो, मान ताठ होते. रिकाम्या घागरीस यातले काही होत नाही. ज्या मुलीने खरोखर पाणी वाहिले आहे, ती या पाठात वर्गाची गुरू होते.

दुसरा पाठ अंतराचा व दृष्टीचा. दोन मुले व एक बाक, एवढ्याच सामग्रीवर सावकार व ऋणको, पाहुणा व यजमान, रुसलेले भाऊ दाखवावयास सांगावे. कोण किती जवळ बसतो, कोण प्रथम नजर वळवितो, यावरून इतरांनी नाते ओळखावे. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ च्या आपल्या ग्रंथात माणसांतील अशा अंतराचा विचार केला, व ते समाजासमाजागणिक बदलते असे दाखविले.

तिसरा पाठ प्रसंगाचा. हा जिल्हा कापसाचा. शेतकरी कापूस घेऊन आला आहे. व्यापारी मूठभर कापूस उपसतो, बोटांनी धागा ओढून पाहतो, आणि काही न बोलता दुसरीकडे पाहतो. शेतकऱ्याची दृष्टी प्रथम त्या बोटांवर, मग चेहऱ्यावर खिळते. वर्षाची कमाई त्या क्षणात आहे. हा प्रसंग मुलांनी तीन मिनिटे निःशब्द करावा. नंतर त्यास प्रत्येकाच्या घरच्या बोलीत शब्द द्यावेत, आणि शेवटी पुस्तकी मराठीत. तोपर्यंत शब्दांस त्यांची जागा सापडलेली असते.

येथे एक सावधगिरी हवी. चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावप्रदर्शनावर ग्रंथ लिहून काही भाव सर्व मानवजातीत सारखेच प्रकटतात असे मांडले. पण सगळ्याच खुणा तशा नसतात. वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणे हे कित्येक घरांत आदराचे चिन्ह असते. तेच अनोळखी शिक्षकास अपराधाचे किंवा मंदपणाचे वाटू शकते. म्हणून शरीराची भाषा शिकविणाऱ्याने ती आधी वाचावयास शिकले पाहिजे.

मराठी प्रेक्षकांस हे नवे नाही. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात पडद्यावर अधूनमधून उमटणारी अक्षरे सोडली, तर सारी कथा नटांच्या देहांनीच सांगितली. १९३३ साली नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले, तेव्हा केशवराव दाते यांच्या स्वाभाविक अभिनयाने शब्दांइतकेच त्यांमधील विरामही बोलके असतात, याचा प्रत्यय दिला.

शाळेतील प्रत्येक मूल नट होणार नाही, आणि तसा हेतूही नाही. परंतु समोरच्याची मान, हात व नजर वाचावयास शिकलेला विद्यार्थी पुढे शेतात, कचेरीत वा दवाखान्यात कोठेही गेला तरी माणसास अधिक नीट ओळखील. आणि जो आज भालदार म्हणून कोपऱ्यात उभा आहे, त्यास काय सांगावयाचे आहे, हेही कोणास तरी कळेल.