एकामागोमाग एक अवयव निकामी का होतात?

‘दोन दिवसांपूर्वी नुसता ताप होता, आज किडनी आणि फुप्फुसे दोन्ही निकामी कशी?’ अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाइकांचा हा प्रश्न नेहमीचा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात आढळणारा लेप्टोस्पायरोसिस पाहिला की त्याचे उत्तर समजते. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती.

उंदीर व गुरांच्या लघवीतील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. साधारण एक-दोन आठवड्यांत ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. बहुतेक रुग्ण यातून बरे होतात. काहींमध्ये मात्र जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारयंत्रणाच बेलगाम होते. यालाच सेप्सिस म्हणतात. सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तदाब घसरतो, पेशींना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. लघवी घटते, कावीळ होते, धाप लागते; कधी फुप्फुसांत रक्तस्राव होतो. शिवाय अवयव एकमेकांवर अवलंबून असतात. किडनी थांबली की जादा पाणी फुप्फुसांत साचते; फुप्फुसे थकली की हृदय आणि मेंदूवर ताण येतो.

उपचारात पहिले काम मूळ कारणावर घाव घालण्याचे. त्यासाठी पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोन शिरेतून लगेच सुरू करतात. सलाईन मोजून दिले जाते. तरीही रक्तदाब सावरला नाही, तर नॉरअॅड्रिनॅलिन देतात. व्हेंटिलेटर आणि डायलिसिस आजार बरा करत नाहीत. अवयव सावरेपर्यंत त्यांचे काम सांभाळतात. म्हणूनच ‘मशीनवर ठेवले म्हणजे संपले’ हा समज चुकीचा आहे. लेप्टोमध्ये वाचलेल्या बहुतेक रुग्णांची किडनी पुन्हा काम करू लागते. मात्र जितके जास्त अवयव बिघडतील, तितका जिवाला धोका वाढतो. त्यामुळे वेळ महत्त्वाची.

तापासोबत लघवी कमी होणे, धाप, डोळे पिवळे पडणे, असंबद्ध बोलणे किंवा हातपाय गार पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात. त्या आधीच ताणाखाली असलेल्या किडनीला आणखी इजा करू शकतात. साचलेल्या पाण्यातून चालला असाल, तर डॉक्टरांना ते न विसरता सांगावे. निदान लवकर होते. ताप नसला तरी पायाला जखम असताना अशा पाण्यातून जावे लागले असेल, तर प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिनबद्दल एक ते तीन दिवसांतच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.