जिंजीच्या तटावरील बंदिखाना

२०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला म्हणजे जिंजी. चेन्नईतील अड्यारपासून तो नैऋत्येस सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. राजगिरी, कृष्णगिरी व चंद्रायणदुर्ग या तीन टेकड्यांना जोडणाऱ्या तटाच्या आत जुने नगर वसले होते. पुदुच्चेरी दरवाजा आणि ‘रॉयल बॅटरी’ नावाचा तोफांचा बुरूज यांच्या दरम्यान, मुख्य तटाच्या माथ्यावर, या नगराचा बंदिखाना आहे.

बंदिखाना म्हटला की तळघर डोळ्यांपुढे येते. येथे कैदी उंचावर, परंतु दोन पहाऱ्यांच्या मध्ये कोंडलेला होता. दरवाजावर व बुरुजावर शिबंदी असायचीच; त्यामुळे कैद्यांसाठी निराळ्या पहाऱ्याची फारशी गरज पडत नसावी. ही काटकसर दुर्गरचनेच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

पाहुण्यांना मात्र आकर्षण असते ते चक्रकुळम तलावाजवळील ‘कैद्यांच्या विहिरी’चे. एका प्रचंड शिळेतील नैसर्गिक पोकळी तळाशी बुजवून व वर विटांचा कठडा बांधून ती विहिरीसारखी केलेली आहे. तीत कैद्यांना टाकून उपाशी मारीत, अशी लोकपरंपरा. परंपरा अंगावर काटा आणणारी खरी; तथापि तिच्यावरून जिंजीतील बंदिवासाचे स्वरूप ठरविणे योग्य नव्हे.

१६९० ते १६९८ या मोगली वेढ्याच्या काळातील नोंदी निराळेच सांगतात. डिसेंबर १६९२ मध्ये संताजी घोरपड्यांनी कांचीचा फौजदार अलीमर्दानखान यास पकडून जिंजीस आणले, आणि एक लाख होन खंडणी घेऊन सोडले. मेलेल्या कैद्याचे मोल शून्य; जिवंत सरदार म्हणजे फौजेचा पगार. अर्थात अशा मातब्बर कैद्याला तटावरील कोठडीत कल्पिणे घाईचे ठरेल. ती जागा सामान्यांची असावी, आणि त्यांची नावे कोणी टिपून ठेवीत नसे.

त्याच सुमारास वेढा घालणाऱ्यांच्या छावणीतही एक कैदी होता, तो म्हणजे बादशहाचाच पुत्र कामबक्ष. राजाराम महाराजांशी त्याचा गुप्त पत्रव्यवहार असल्यावरून असदखान व जुल्फिकारखान यांनी त्यास नजरकैद केले. पुढे महाराज वेढ्यातून निसटले, आणि १६९८ मध्ये किल्ला पडला, तेव्हा त्यांच्या राण्या व मुले मोगलांच्या हाती लागली.