काय वाचता, ते तुमच्यापाशीच राहू द्या!

कोल्हापूरला वाचनाची हौस जुनी. इथलं करवीर नगर वाचन मंदिर सुरू झालं ते १८५० मध्ये! पण वाचनालयातून बायका फक्त कथा-कादंबऱ्याच नेतात असं थोडंच आहे? कुणाला घटस्फोटाचा कायदा समजून घ्यायचा असतो, कुणाला मूल होत नाही म्हणून उपचारांची माहिती हवी असते, तर कुणाला नैराश्यावरचं पुस्तक. आणि आपल्याकडे बातमीला रंकाळ्याभोवती फेरी मारायला कितीसा वेळ लागतो!

कार्डाची एक जुनी पद्धत यात छान होती. पुस्तकाचं कार्ड सभासदाच्या कार्डात घालून ठेवायचं आणि पुस्तक परत आलं की दोन्ही वेगळी करायची. कुणी काय वाचलं, याची खूणही उरत नसे. संगणक मात्र आपण पुसल्याशिवाय विसरत नाही.

आता तर पुस्तक परत करायची आठवणही ई-मेलवर येऊ शकते. ई-मेलचं एन्क्रिप्शन म्हणजे पत्र बंद पाकिटात घालणं. बहुतेक मोठ्या ई-मेल सेवा वाटेपुरतं असं पाकीट वापरतात. मात्र ते उघडणं त्यांना स्वतःला शक्य असतं. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी 'पीजीपी' आणलं. त्यात किल्ली फक्त पत्र मिळणाऱ्याकडे. तरी त्यातही पत्राचा विषय सहसा उघडाच राहतो!

खरी गोम पुढेच आहे. घरात मोबाइल एकच आणि पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असेल, तर वाटेतलं कुलूप काय कामाचं?

म्हणून मैत्रिणींनो, ग्रंथपालांना सांगा, "मेलमध्ये पुस्तकाचं नाव नको, फक्त तारीख लिहा." न लिहिलेलं नाव कोण वाचणार? वाचनालयात ई-मेल देताना स्वतःचाच द्या, नवऱ्याचा किंवा मुलाचा नको. फोन सगळे वापरत असतील तर मेल वाचून झाल्यावर लॉग आउट करा. परत केलेल्या पुस्तकांच्या नोंदी कधी पुसल्या जातात, तेही विचारा.

यात संकोच कसला? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमतानं सांगितलंय. पुढच्या वेळी पुस्तक बदलायला जाल, तेव्हा एवढं विचाराच.