अकरा महिन्यांचा शेजार

आमच्या घरी डालड्याचा एक जुना डबा आहे. त्यात गिरगावातल्या आमच्या खोलीच्या भाडेपावत्या आहेत. सर्वांत जुनी १९५१ सालची, सर्वांत अलीकडची १९८७ ची. पहिल्या पावतीवर भाडे आहे नऊ रुपये आठ आणे. शेवटच्या पावतीवर, वाढलेले कर आणि दुरुस्तीचा उपकर धरून, तेवीस रुपये आणि काही पैसे. सगळ्या पावत्या आजोबांच्या नावाने. आजोबा १९६४ साली वारले, म्हणजे पुढची तेवीस वर्षे एक गेलेला माणूस दरमहा भाडे भरत होता आणि घरमालकाचा मेहताजी त्याच्या नावाने पावती फाडत होता. यात कुणालाच काही वावगे वाटत नव्हते.

हा डबा मी गेल्या वर्षी पुन्हा उघडला तो मुलीच्या एका प्रश्नामुळे. ती पुण्यात नोकरी करते, वीस हजार रुपये भाड्याच्या एका बेडरूमच्या घरात राहते. तसेच घर त्याच इमारतीत सत्तर लाखांना विकायला निघाले. तिने फोन करून विचारले, "बाबा, घेऊ का भाड्यानेच राहू?" मी वीस वर्षे घरभाडे, चाळी आणि सहकारी सोसायट्यांचे कायदे वाचत आलो आहे. पदवी त्यातली नाही, एका खासगी कंपनीत हिशेबनीस होतो. वाचनालये आणि रद्दीची दुकाने हेच माझे विद्यापीठ. तरी उत्तर चटकन देता आले नाही.

आकड्यांचा भाग सोपा आहे, तो आधी उरकतो. सत्तर लाखांपैकी छप्पन्न लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जाने घेतले तर हप्ता येतो सुमारे ४८,६०० रुपये. वीस वर्षांत बँकेला जातात १ कोटी १६ लाखांहून अधिक. सुरुवातीला पदरचे चौदा लाख, शिवाय मुद्रांक शुल्क (बाईच्या नावाने घेतले तर एक टक्का सवलत) आणि नोंदणी. उलट वर्षाचे भाडे घराच्या किमतीच्या साडेतीन टक्केही भरत नाही. भाडे दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढत गेले तरी ते हप्त्याला गाठायला विसावे वर्ष उजाडते. म्हणजे भाडे आणि हप्ता यांतला फरक दरमहा न चुकता गुंतवणाऱ्यासाठी भाड्याने राहणे मुळीच मूर्खपणाचे नाही. असा फरक दरमहा बाजूला काढणारी माणसे मला मात्र फार भेटलेली नाहीत. हप्ता हा मध्यमवर्गाला लावलेला शिस्तीचा लगाम आहे, आणि घर घेण्याचा तोच मोठा फायदा असावा असे माझे मत आहे.

पण मुलीचा प्रश्न हिशेबाचा नव्हता. ती पुढे म्हणाली, "चार वर्षांत तीन घरं झाली. शेजारच्यांची नावं पाठ होतात तोवर सामान बांधायची वेळ येते." म्हणून मी डबा उघडला. ज्या खोलीत आमच्या तीन पिढ्या राहिल्या, जिथल्या बाळंतपणांना आणि मयतांना सगळा मजला धावला, ती खोली कधीच आमच्या मालकीची नव्हती.

ही व्यवस्था काय होती ते नव्या वाचकांसाठी सांगायला हवे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच 'प्रमाण भाडे' म्हणून गोठवले. मालकाला मनास येईल तेव्हा भाडेकरूला काढता येईना, आणि भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणारे घरचे माणूस भाडेकरू होई. भाडे गोठले, पण खोलीची किंमत थोडीच गोठते? ती पागडीच्या रूपाने बाहेर पडली. नवा भाडेकरू येताना एकरकमी पैसे मोजी. त्यातला साधारण एक तृतीयांश मालकाला, बाकीचे सोडून जाणाऱ्या भाडेकरूला. हे सगळे कायद्याने गुन्हा होते आणि सगळे शहर ते करत होते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, म्हणजे अर्धे शतक उलटल्यावर, अशी रक्कम घेणे कायदेशीर ठरवले.

पागडीचा भाडेकरू म्हणजे धड भाडेकरू नव्हे, धड मालक नव्हे. पण त्याच्यापाशी एक गोष्ट होती: आपण उद्याही इथेच असणार ही खात्री. चाळीतल्या सामाजिक जीवनाबद्दल आपण फार हळवे होऊन लिहितो. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत सुरू झाला याचा अभिमान सांगतो, गॅलरीतल्या गप्पा आणि कोजागिरीचे दूध आठवतो. मला वाटते, या सगळ्याच्या मुळाशी ही खात्रीच होती. शेजाऱ्याला उसने दिलेले साखरेचे वाटीभर ऋण फिटायला वेळ लागतो, भांडण मिटायलाही लागतो. ज्याच्याशी जन्म काढायचा आहे त्याच्याशीच माणूस भांडण मिटवायच्या खटपटीला लागतो.

याची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. त्या भाड्यात मालकाला डागडुजी परवडत नव्हती, आणि परवडली तरी करण्यात त्याला रस नव्हता. इमारती कुजल्या, काही माणसांसकट कोसळल्या. शेवटी १९६९ साली सरकारला कायदा करून दुरुस्ती मंडळ उभारावे लागले. उपकर घेऊन दुरुस्त करायच्या इमारती निघाल्या एकोणीस हजारांवर. गोठवलेले भाडे आता अवाजवी झाले आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही. शिवाय उघड्या दारांतून मदत येई तशी नजरही येई. माझ्या मोठ्या बहिणीला विचारा. संडासाच्या रांगेपासून पाहुण्यांपर्यंत तिचे काहीही खासगी नव्हते. आणि कोणत्या चाळीत कोणत्या जातीला खोली मिळणार हेही ठरलेले असे. तो शेजार सगळ्यांसाठी नव्हता.

वडिलांनी १९८७ साली खोली सोडली. दहा बाय बाराच्या जागेत दोन कुटुंबे मावेनाशी झाली होती. पागडीचा मालकाचा वाटा देऊन जे उरले त्यात प्रॉव्हिडंट फंडाची भर घालून डोंबिवलीत ओनरशिपचा ब्लॉक घेतला. पहिल्या संध्याकाळी आईने दार उघडे टाकून उंबऱ्याशी बसकण मारली. कोणी आले नाही. समोरच्या बाईंनी दार किलकिले करून विचारले, "काही हवंय का?" आणि ते लावून घेतले. आई कितीतरी दिवस तो प्रसंग सांगत असे. पण पुढचेही सांगायला हवे. सात-आठ वर्षांनी, टँकरच्या पाण्यासाठी रात्री-अपरात्री एकत्र उभे राहून राहून, त्याच बाई आईच्या सख्ख्या झाल्या. वडील गेले तेव्हा आमच्या आधी त्यांनी चहा टाकला. तेव्हा मालकीच्या घरात शेजार रुजत नाही असे मी म्हणणार नाही. त्याला वर्षे लागतात, इतकेच.

२००९ साली वडील गेले, पुढच्या वर्षी आईही गेली. आम्हा भावांच्या वाटण्यांसाठी तो ब्लॉक विकला गेला. तेव्हापासून मी ठाण्यात भाड्याने राहतो. पंधरा वर्षांत सहा घरे. दर अकरा महिन्यांनी करार.

हे अकरा महिने आले कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. त्यातून सुटण्यासाठी अकरा. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, नोंदवणे सक्तीचे केले, आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. म्हणजे अकराचे कारण केव्हाच संपले. आकडा मात्र राहिला, घरातला जुना देव्हारा हलवायला कोणी धजत नाही तसा.

खरे कारण भीतीचे आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक लायसन्सवर एखाद्या जागेत राहत होते, त्यांना कायद्यातल्या दुरुस्तीने एका रात्रीत संरक्षित भाडेकरू केले. ज्याने दोन वर्षांसाठी म्हणून जागा दिली होती त्याची जागा कायमची गेली. त्या पिढीतल्या मालकांनी ही गोष्ट मुलांना सांगितली, मुलांनी नातवंडांना. आजचा कायदा मालकाच्या बाजूने पुरता झुकलेला आहे: मुदत संपल्यावर लायसन्सधारक राहिला तर त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. तरी भीती जात नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली, तीही शहरांतली सुमारे २८ टक्के कुटुंबे भाड्याने राहत असताना. रिकाम्या घरांची कारणे अनेक असतील; 'दिले तर परत मिळेल का' ही धास्ती त्यांतले एक असावे असे मी धरून चालतो.

आता माझाच एक अनुभव. चौथ्या घरी असताना सोसायटीत पाण्याच्या वेळांवरून वाद पेटला. वार्षिक सभेची सूचना जिन्यात लागली होती. मी वह्या घेऊन गेलो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० माझ्या तोंडपाठ आहे. सचिव अदबीने म्हणाले, "काका, रागवू नका, पण भाडेकरूंनी सभेला बसायचं नसतं." कायद्याने ते बरोबर होते. लायसन्सधारक फार तर नाममात्र सभासद. त्याला मत नाही, समितीत जागा नाही. गणपतीची वर्गणी मात्र मी दिली होती, आणि आरास करायला तीन रात्री जागलोही होतो. मी उठून आलो. त्या रात्री झोप लागली नाही, आणि पोटनियमांची पुस्तिका काढून बसलो.

त्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर संस्थेचे वर्गीकरण छापलेले असते. त्या सोसायटीचे होते 'भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था'. आपल्याकडच्या असंख्य फ्लॅटच्या सोसायट्यांचे तेच असते. अर्थ असा की जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची. सभासदाला तिने गाळा वापरायला दिलेला. ज्यांनी मला उठवले ते सगळे कागदोपत्री भाडेकरूच होते, फक्त स्वतःच्याच संस्थेचे! ही कल्पना जुनी आहे. १९१५ साली तालमकींच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी निघाली ती याच तत्त्वावर. एकेकट्याला घर बांधणे झेपत नाही, तर सगळ्यांनी मिळून मालक व्हायचे आणि प्रत्येकाने भाडेकरू म्हणून राहायचे. तिचे दार एका ज्ञातीपुरते होते हे खरे, पण तत्त्व मोलाचे होते: ज्याला राहायचे आहे त्याला बोलायचाही हक्क. पुढे फ्लॅटचे भाव चढले, 'सहभागीदारी' पहिल्या पानावर राहिली आणि आपण सगळे 'ओनर' झालो.

गेल्या ऑगस्टमध्ये, २०२५ साली, वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरात, तेही त्याच जागी. माझ्या दृष्टीने या बातमीतला महत्त्वाचा शब्द 'मालकीच्या' हा नाही, 'त्याच जागी' हा आहे. शेजार न मोडता घर मोठे होणे ही गोष्ट आमच्या वडिलांच्या नशिबी नव्हती. दारे उघडी राहतील का, ते दहा वर्षांनी जाऊन पाहायला हवे.

तर मुलीला मी काय सांगितले? आधी सांगितले की चौदा लाख माझ्यापाशी नाहीत. हे वाक्य मी दोन दिवस लांबवले होते. मग सांगितले की घर घेतलेस तर किमतीइतकीच त्या सोसायटीच्या सभेची इतिवृत्ते वाच. भांडणे कशावर होतात आणि मिटतात का ते त्यात दिसते. आणि भाड्यानेच राहायचे तर अकरा महिने मान्य करू नकोस. लायसन्सचा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो, मुद्रांक शुल्कही एकूण भाड्याच्या पाव टक्का इतकेच. दरवर्षीची वाढ आधीच लिहून घे. मालकाने मुदतीआधी उठवायचे नाही अशी अट घाल. त्याला भीती वाटेल. तर नोंदणी करू, पोलिसांत माहिती देऊ, मुदत संपताच निघू असे लिहून दे.

"पाच वर्षांत काय होतं बाबा?" ती म्हणाली.

आईला डोंबिवलीत सात-आठ लागली होती, हे मी तिला सांगितले नाही.

तिने मालकाकडे साठ महिन्यांचा मसुदा पाठवला आहे. त्यांनी छत्तीस करून परत पाठवला, मुदतीआधी न उठवण्याची अट खोडून. दिवाळीनंतर बोलू म्हणाले आहेत. दरम्यान समोरच्या आजींनी तिच्याकडे आपल्या घराची जादा किल्ली ठेवायला दिली आहे, मुलाकडे महिनाभर जाताना. तिच्या चालू करारातले अकरापैकी नऊ महिने झाले आहेत.